शिकारपूरचे काका ‘परदेशी’ कसे?

पाडव्याच्या सकाळी आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी फराळाला माणसं जमली होती. आत्याचा मुलगा ब्रॅम्प्टनहून आठ वर्षांनी आलेला, त्यामुळे चिवड्यापेक्षा कॅनडाच जास्त चघळला जात होता. त्याने मोबाइलवर एक तक्ता उघडला. कॅनडात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांमध्ये जन्मदेशानुसार पहिला क्रमांक भारताचा. “बघा मामा, आपण पहिले!” बाबांनी लगेच निकाल लावला, “म्हणजे तिकडे आता निम्मे आपलेच.”

कोपऱ्यात शंकरपाळे खात बसलेले काका हे ऐकत होते. काका सिंधी, वारसियात राहतात, बाबांचे पन्नास वर्षांचे मित्र. ते म्हणाले, “अरे, मी कुठल्या तक्त्यात बसतो ते सांग. माझा जन्म शिकारपूरचा.”

“काका, तुम्ही भारतात राहता. तुम्ही कॅनडाच्या तक्त्यात कसे येणार?”

“मग भारताच्या तक्त्यात?”

इथे भाऊ अडला. शिकारपूर सिंधमध्ये, म्हणजे आज पाकिस्तानात. काका पाच वर्षांचे असताना आईच्या कडेवर बसून इकडे आले. अठ्ठ्याहत्तर वर्षं बडोद्यात काढली, सेव-उसळीला कुठे जास्त तर्री मिळते ते आम्हाला त्यांनी शिकवलं. तरी हिशोबाच्या नियमाने बघाल तर ते भारतातले परदेशात जन्मलेले रहिवासी आहेत.

२०११ नंतर थेट आता २०२७ची जनगणना होते आहे आणि जगभरच्या निवडणुकांत ‘बाहेरचे किती’ हा प्रश्न तापलेला आहे. म्हणून हे आकडे नेमकं काय मोजतात ते एकदा बघून घेऊ.

जन्म, पासपोर्ट आणि घराणं

‘परदेशात जन्मलेले रहिवासी’ म्हणजे ज्या देशात राहतात त्या देशाच्या हद्दीबाहेर जन्मलेली माणसं. बस, एवढंच. मातृभाषा, धर्म, पासपोर्ट, आडनाव यांचा या व्याख्येशी संबंध नाही. आई कुठे बाळंत झाली, एवढा एकच प्रश्न.

पण बोलताना आपण तीन प्रश्नांची खिचडी करतो: जन्म कुठला, नागरिकत्व कुठलं, घराणं मूळचं कुठलं. उत्तरं बऱ्याचदा तीन निघतात. आत्याच्या मुलाचंच बघा. तो आता कॅनडाचा नागरिक आहे, मतदान करतो, तरी जन्म बडोद्याचा म्हणून तक्त्यात ‘भारत’. त्याची मुलगी ब्रॅम्प्टनमध्ये जन्मली, ती त्या तक्त्यात नाहीच. उद्या हे कुटुंब कायमचं इकडे परतलं, तर बापाचं नाव आपल्या यादीत चढणार नाही, कारण तो इथलाच. आणि घरात सगळ्यात जास्त पुरणपोळ्या खाणारी ती चिमुरडी भारताच्या यादीत ‘कॅनडात जन्मलेली’ म्हणून चढेल.

ब्रिटनचे माजी पंतप्रधान ऋषी सुनक यांना आपल्याकडे सगळे ‘भारतीय वंशाचे’ म्हणतात आणि ते खरंही आहे. पण त्यांचा जन्म साउथॅम्प्टनचा, वडिलांचा केनियातला, आईचा टांगानिकातला, म्हणजे आजच्या टांझानियातला. आईवडील आणि मुलगा मिळून तीन माणसं, पण ‘भारतात जन्मलेले’ या रकान्यात त्यांतलं एकही नाही. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर जन्मले डब्लिनला. मालवणजवळच्या वराड गावाचा वारसा आडनावात, पण ते तिथल्या तक्त्यात परदेशात जन्मलेले नाहीत. परदेशात जन्मलेले आहेत ते त्यांचे मुंबईकर वडील.

इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत भारतात जन्मलेले साधारण ९ लाख २० हजार निघाले आणि स्वतःचा वंश ‘भारतीय’ सांगणारे साडेअठरा लाखांच्या वर. दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. वर्तमानपत्रं मात्र दोन्हींवर ‘ब्रिटनमधले भारतीय’ असाच मथळा टाकतात, आणि वाचक एक दिवस नऊ लाखांवर तर दुसऱ्या दिवशी अठरा लाखांवर भांडतो.

दमणची गोष्ट याहून मजेची. गोवा, दमण, दीव १९६१पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होते. तिथे त्याआधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. ते घेऊन बरीच दमणकर, दीवकर कुटुंबं इंग्लंडात, विशेषतः लेस्टरला गेली. पासपोर्टप्रमाणे मोजलं की हा माणूस पोर्तुगीज, जन्माप्रमाणे मोजलं की भारतीय. घरी तो गुजराती बोलतो, ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

सगळ्यांची मोजपट्टी एक नाही

जन्मदेशानुसार मोजा, अशी संयुक्त राष्ट्रांची शिफारस आहे. ती माहिती जिथे मिळत नाही तिथे नागरिकत्वावर भागवावं लागतं. आखाती देशांचे आकडे मुख्यतः नागरिकत्वाचे. दुबईत भारतीय आईबापांच्या पोटी जन्मलेलं मूल तिथलं नागरिक होत नाही, म्हणून दुबईच्याच इस्पितळात जन्मूनही ते परदेशी गणलं जातं. तेच मूल अमेरिकेत जन्मलं असतं तर जन्मतः अमेरिकन ठरलं असतं आणि परदेशींच्या हिशोबात आलंच नसतं. म्हणून अमिरातीचा २०२०चा ८८ टक्के आणि अमेरिकेचा १४ टक्के हे आकडे शेजारी ठेवताना थोडं जपून. एकीकडे शेर, दुसरीकडे किलो, असला तो प्रकार आहे.

भावाने दाखवलेल्या कॅनडाच्या तक्त्यातही एक मेख होती. तिथे ‘स्थलांतरित’ म्हणजे ज्याला कायम राहण्याचा परवाना मिळाला तो, मग पुढे तो नागरिक झाला तरी. शिक्षणाच्या परवान्यावर गेलेली मुलं वेगळ्या रकान्यात. २०२१मध्ये असे परवानाधारक स्थलांतरित ८३ लाखांच्या पुढे होते, लोकसंख्येच्या २३ टक्के. त्यांत भारतात जन्मलेले सुमारे ९ लाख, म्हणजे दर शंभरात साधारण अकरा. पहिला नंबर खरा, पण बाबांचे ‘निम्मे आपलेच’ फारच लांब राहिले. फिलिपिन्स आणि चीन मागोमाग आहेत आणि उरलेले असंख्य देशांतले. वर्गात पहिला आलेल्याला शंभरपैकी अकराच मार्क असू शकतात, हे कुणी लक्षात घेत नाही.

माणूस जागेवर, सीमा सरकली

आमचे आजोबा वाईचे. बडोदा संस्थानात कारकुनी मिळाली म्हणून इकडे आले आणि राहिले. ते आले तेव्हा संस्थानाची हद्द ओलांडून आले. १९४९ साली बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. आता वाई आणि बडोदा एकाच राज्यात. १९५१च्या जनगणनेत आजोबांचा जन्म ‘याच राज्यातला’. मग १ मे १९६० उजाडला, महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि १९६१च्या जनगणनेत तेच आजोबा ‘दुसऱ्या राज्यात जन्मलेले’ झाले. मधल्या दहा वर्षांत त्यांनी खोलीसुद्धा बदलली नव्हती.

हेच राज्यांऐवजी देशांचं झालं की काका तयार होतात. जन्मदेश कुठला हे जन्माच्या वेळच्या नकाशावरून ठरवत नाहीत, मोजणीच्या वेळच्या नकाशावरून ठरवतात. १९४२मध्ये पाकिस्तान नव्हता, तरी काका पाकिस्तानात जन्मलेले. अशी माणसं थोडीथोडकी नव्हती. १९५१च्या जनगणनेत फाळणीमुळे भारतात आलेले ७२ लाखांच्या वर नोंदले गेले. डॉ. मनमोहन सिंग यांचं गाह आणि लालकृष्ण अडवाणींचं कराची दोन्ही आज सीमेपलीकडे. देशाचे एक पंतप्रधान आणि एक उपपंतप्रधान या हिशोबात ‘परदेशात जन्मलेले’ ठरतात.

सोव्हिएत संघ १९९१मध्ये फुटला तेव्हा हे कोट्यवधींच्या बाबतीत एका फटक्यात झालं. कझाकस्तानात जन्मून मॉस्कोत नोकरी करणारा माणूस आदल्या दिवशी स्वतःच्याच देशात होता. रशियात २०२०मध्ये परदेशात जन्मलेले एक कोटीहून जास्त दिसत होते, त्यांत मोठा हिस्सा अशा जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांतून आलेल्यांचा.

उलटी गंमतही आहे. ब्रिटनच्या जुन्या आकड्यांत ‘भारतात जन्मलेले’ बरेच जण चक्क गोरे होते, इंग्रज अधिकाऱ्यांची आणि सैनिकांची मुलं. विनोदी नट स्पाइक मिलिगन यांचा जन्म १९१८मध्ये अहमदनगरचा, तर गायक क्लिफ रिचर्ड यांचा १९४०मध्ये लखनऊचा. जन्मदेशाच्या रकान्यात दोघेही ‘भारत’ आणि सुनक किंवा त्यांचे आईवडील मात्र नाहीत!

आजव्याची पातळी आणि वरचा पाऊस

पावसाळ्यात बडोदेकर चहाआधी दोन आकडे विचारतो: आजवा तलावाची पातळी किती आणि विश्वामित्री नदी किती फुटांवर. ऑगस्ट २०२४चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना तर हे विचारायची सवयच जडली आहे. आणि प्रत्येक बडोदेकराला हेही ठाऊक असतं की आजवा भरलेला आहे याचा अर्थ आज पाऊस पडतोय असा नाही. पाणी केव्हाचं असेल सांगता येत नाही.

परदेशात जन्मलेल्यांची एकूण संख्या म्हणजे ही पातळी. तिला साठा म्हणू. दरवर्षी नव्याने येणारे म्हणजे ओघ. राजकारणी साठ्याचा आकडा दाखवून ओघाची भीती घालतात. पण साठ्यात साठ वर्षांपूर्वी आलेली आजीबाई असते आणि गेल्या महिन्यात उतरलेला विद्यार्थीही. साठा कमी होतो तो परत जाणाऱ्यांमुळे आणि मरणाऱ्यांमुळे.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. १९२४च्या कायद्याने इटलीहून येणाऱ्यांची संख्या जेमतेम थेंबावर आणली. तरी १९६०मध्ये, छत्तीस वर्षांनी, तिथल्या परदेशात जन्मलेल्यांत पहिला क्रमांक इटलीचाच होता. जर्मनी आणि कॅनडा मागे. नळ केव्हाच बंद झाला होता, टाकीत जुनं पाणी होतं. १९६५मध्ये कायदा बदलला, आशिया आणि लॅटिन अमेरिकेकडचा ओघ वाढला आणि यादीचा चेहरा हळूहळू पालटला. आज मेक्सिको पहिला, सुमारे १ कोटी १० लाख. भारत आणि चीन त्याखाली.

आणि भारत? इथे परदेशात जन्मलेल्यांची संख्या घटते आहे, हे सांगितल्यावर घरात कुणाचा विश्वास बसला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने १९९०मध्ये असे साधारण ७५ लाख होते, २०२०मध्ये ४९ लाखांच्या आसपास. लोकसंख्येच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. मुख्य कारण साधं आहे: फाळणीत आलेली पिढी आता जाते आहे. वारसियात काकांच्या वयाची किती माणसं उरली असतील, ते काकाच बोटांवर मोजून सांगतात.

मग माणसं येतात तरी कुठून?

बहुतेक वेळा शेजारून. २००१च्या जनगणनेत ज्यांचं आधीचं राहणं भारताबाहेर होतं असे सुमारे ५१ लाख लोक होते. त्यांत बांगलादेशातून आलेले ३० लाखांच्या वर, पाकिस्तानातून १० लाखांच्या आसपास, नेपाळमधून ६ लाखांच्या आसपास. तिघेही आपले सख्खे शेजारी. नेपाळशी तर १९५०च्या करारापासून ये-जा मोकळी आहे, व्हिसा लागत नाही. सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार आपल्याला दिसतो, पण बिहार-उत्तर प्रदेशाच्या सीमेवरच्या गावांत लग्न होऊन आलेल्या नेपाळी मुली दिसत नाहीत. त्याही या आकड्यात आहेत. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. देशातल्या देशात जागा बदलणाऱ्यांतही आपल्याकडे लग्न हेच सगळ्यांत मोठं कारण आहे. आमची आई नाशिक जिल्ह्यातली, त्यामुळे जनगणनेच्या भाषेत ती स्थलांतरित. तिला हा शब्द अजिबात आवडत नाही. “सयाजीराव महाराज पण आमच्या कवळाण्याचेच होते,” ती म्हणते, “त्यांना म्हणा की स्थलांतरित!” खरंच आहे. महाराजांचा जन्म १८६३चा, मालेगावजवळच्या कवळाण्यातला. १८७५मध्ये दत्तक होऊन ते बडोद्याला आले.

शेजार नसेल तर जुनं राज्य. भारत, पाकिस्तान इथून ब्रिटनला, अल्जीरियातून फ्रान्सला. ज्यांनी राज्य केलं त्यांची भाषा, शिक्षण, कायदा ओळखीचा झालेला असतो. तिसरं कारण काम. आखातातली गर्दी त्याचीच. चौथं युद्ध किंवा हकालपट्टी. इदी अमीनने १९७२मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा सांगितलं. त्यातले सुमारे २८ हजार ब्रिटनला गेले, बरेचसे गुजराती, आपल्या मही नदीपलीकडच्या चरोतर भागात मुळं असलेलेही. लेस्टरमधली अशी एखादी पटेल आजी तक्त्यात ‘युगांडा’ म्हणून दिसते.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट असते, ती आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना वेगळी समजवायला नको. अठराव्या शतकात गायकवाड आले. त्यांच्यामागे शिलेदार, मग कारकून, भिक्षुक, आचारी, शिक्षक. आजोबांना नोकरीची खबर गावच्याच माणसाने दिली, पहिले सहा महिने ते त्याच्याच ओटीवर झोपले, आणि पुढे त्यांनी दोन पुतणे आणले. एक जण टिकला की त्याची पथारी दुसऱ्याला आधार देते. ब्रॅम्प्टनमध्ये भाऊ पहिल्या वर्षी एका तळघरात पाच जणांबरोबर राहिला. खोली मिळवून दिली आणंदच्या एका मुलाने. माणूस नकाशा बघून देश निवडत नाही, आपल्या ओळखीचं कोण तिथे आहे ते बघतो. म्हणून एकाच तालुक्यातली माणसं एकाच परदेशी गावात सापडतात.

“पण चोरून आलेल्यांचं काय?”

हा प्रश्न बाबांचा आणि तो रास्त आहे. जनगणनेत जन्मठिकाण विचारतात, पुरावा मागत नाहीत. ज्याला खरं सांगण्यात धोका वाटतो तो सीमेअलीकडच्या गावाचं नाव सांगणार. म्हणजे खरा आकडा नोंदीपेक्षा जास्त असण्याची शक्यता मोठी. पण म्हणून कुणी सभेत हातवारे करून सांगेल तो आकडा खरा ठरत नाही. ‘नोंद अपुरी आहे’ इथून ‘अमुक कोटी घुसलेत’ इथवर जायला पूल लागतो आणि तो पूल बहुतेकांकडे नसतो. अमेरिकेतही जनगणनेत कागदपत्रं बघत नाहीत. तिथे ४ कोटी ७८ लाख हा २०२३चा आकडा परवाना नसलेल्यांनाही धरून आहे.

दुसरी शंका भावाने काढली: परदेशात जन्मलेले म्हणजे परके, असं तिथले लोक त्याला ऐकवतात. पण अमेरिकेतल्या परदेशात जन्मलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण रीतसर अमेरिकन नागरिक झालेले आहेत. जन्मस्थान बदलता येत नाही, म्हणून ते तक्त्यात राहतात एवढंच.

आणि जगच सगळं हललंय, असं वाटत असेल तर: २०२४मध्ये स्वतःच्या देशाबाहेर राहणारे जगभरात ३० कोटी ४० लाख होते. दर शंभरात चारसुद्धा नाहीत. बाहेर गेलेल्यांत सर्वांत जास्त आपले, सुमारे १ कोटी ८५ लाख. आपल्याकडे येणाऱ्यांच्या साडेतीनपट तरी आपण बाहेर पाठवले आहेत.

काकांचा रकाना

एवढं सगळं ऐकून झाल्यावर भाऊ म्हणाला, “म्हणजे काका, तुम्ही भारताच्या तक्त्यात आहात. परदेशात जन्मलेले, देश पाकिस्तान.”

काकांनी शंकरपाळ्यांची बशी खाली ठेवली. “नाही ना. २०११ला एक बाई आल्या होत्या घरी, शाळेतल्या. मराठी होत्या. जन्म कुठला विचारलं, मी शिकारपूर म्हटलं. त्या म्हणाल्या, पुण्याजवळचं शिक्रापूर का? उन्हाची वेळ, बाई दमलेल्या, मीही दमलेलो. मी म्हटलं, हो.”

“मग त्यांनी काय लिहिलं?”

“महाराष्ट्र.”